चार फूट बोट आमच्या गच्चीवर

व्यंकूकाकांच्या गच्चीवर जायचं असेल तर परवानगी लागते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायचं, चपला काढायच्या आणि विचारायचं, "बोटीवर येऊ का?" काका हातातली टेप गुंडाळत क्षणभर विचार केल्यासारखं करतात आणि मग "ये" म्हणतात. मागे टाकी गळते म्हणून प्लंबर आला होता, त्यालाही त्यांनी कन्नडमधून हेच विचारायला लावलं. न विचारता कुणी पाऊल टाकलंच तर ते ओरडत नाहीत. "तू आता पाण्यात आहेस," एवढंच सांगतात आणि माणूस मागे जाईपर्यंत वाट बघतात.

कारण गच्चीवर खरोखरच बोट आहे. पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली, अडतीस फुटी, इंचाइंचाने खरी. काका चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात नकाशे काढत होते. अर्ध्या म्हैसूरच्या जमिनीखालच्या नळांची वळणं त्यांना पाठ आहेत. आता मे महिन्यात ग्रीसला जाऊन एका बेटाभोवती आठवडाभर हिंडण्यासाठी ते शिडाची बोट भाड्याने घेणार आहेत. बोट ठरली, तिचा नकाशा कंपनीकडून आला, आणि काकांनी तो दुसऱ्याच दिवशी गच्चीवर उतरवला. "कागदावर बघून माणसाला काय कळतं? अंग टाकून बघायला पाहिजे. माप चुकलं की माणूस चुकला. अष्टे." अष्टे म्हणजे कन्नडमध्ये 'इतकंच'. काकांचं कुठलंही वाक्य तिथे येऊन थांबतं.

अडचण एकच झाली. काकांची गच्ची चौतीस फूट, बोट अडतीस. आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि गच्च्यांच्या मध्ये फक्त एका विटेचा बांध. त्यामुळे बोटीचं टोक बांध ओलांडून चार फूट आमच्या गच्चीवर आलं. तिथे आमची अम्मा हप्पळ, म्हणजे पापड, वाळत घालते. काकांनी तिला दोनदा विनंती केली, की पुढच्या टोकाला एवढं वजन नको, बोट नाकावर झुकते. अम्माने हप्पळ दोन हात मागे सरकवले. तिला मी विचारलं, का गं ऐकलंस? ती म्हणाली, "जाऊ दे गं. एकटा माणूस आहे, सुम्ने, उगीच कशाला भांडायचं?"

हे बेट आलं कुठून, तर एलेनीकडून. म्हैसूरच्याच गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या या ग्रीक बाईला तिथे खोली मिळाली नाही, म्हणून ती वर्षभर काकांच्या वरच्या खोलीत राहिली. रोज सायकलवरून गोकुलमला जायची. जाताना तिने काकांना आपल्या बेटाचा फोटो दिला: अकरा घरं, एक धक्का, शेळ्या आणि निळं पाणी. एकच दुकान, तेही दुकानदाराला वाटलं तर उघडणारं. बेटाचं नाव मी सांगत नाही, ही काकांची अट आहे. शांत आहे तोवर शांत राहू दे, म्हणतात.

आता खरं सांगते. एलेनी यायच्या आधी काकांशी बोलायला मीच होते. आमचं नातं काही नाही, फक्त भिंत एक. माझे वडील कामगार संघटनेत. घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, माझं नाव क्रांती, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. तसली पत्रकं शांतपणे वाचून त्यांच्यावर वाद घालणारा गल्लीतला एकच माणूस म्हणजे काका. मग एलेनी आली आणि काका बिनदुधाची कॉफी प्यायला लागले. मला ते आवडलं नाही. चळवळीच्या दृष्टीने त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हतं, हे मला आणखी आवडलं नाही.

बोटीची योजना कळली तेव्हा मी काकांना चांगलं अर्धा तास सुनावलं. आपल्या येलवालकडच्या वस्त्यांना नळाला दिवसाआड पाणी, आणि तुम्ही खाऱ्या पाण्यात फिरायला बोट घेणार? काकांनी सगळं ऐकून घेतलं. येलवालच्या नळांबद्दल माझी एक चूक दुरुस्त केली. मग म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाणी वाकवून नेलं, आता आठवडाभर पाणी नेईल तिकडे जायचं आहे. आणि तू चल. त्यांनी इतक्या सहज म्हटलं की "विचार करून सांगते" एवढंच मी म्हणाले. विचार करायला मला जिना उतरेपर्यंतचा वेळ पुरला.

दर रविवारी संध्याकाळी तालीम सुरू झाली. बोटीतल्या संडासात पाणी हाताच्या पंपाने मारावं लागतं. काकांनी सायकलचा पंप आणून ठेवला आणि माझ्याकडून दहा-दहा वेळा मारून घेतला. आठव्या वेळी थांबलं की "आता हे दुसऱ्याने बघायचं का?" असं विचारायचे. बिसी बेळे भाताची पूड किती, चटणीपूड किती, कॉफी किती, ते ठरलं. अम्मा येणार नव्हती, तिला चामुंडीच्या घाटातच बस लागते. तरी तिला बांधापलीकडे उभं करून काकांनी दोरी फेकायला शिकवलं, कारण धक्क्यावरही कुणीतरी लागतंच. अम्माची फेक माझ्यापेक्षा चांगली होती. त्याचाही मला थोडा त्रास झाला.

मग जागावाटप झालं. बोटीत तीन खोल्या. मागची डावी बोटीबरोबर येणाऱ्या ग्रीक कप्तानाला. मागची उजवी काकांना. पुढची, सगळ्यात मोठी, डोक्यावर आभाळाची खिडकी असलेली खोली काकांच्या पुतण्याला, किरणला आणि त्याच्या बायकोला. आणि मी? मला मधल्या दिवाणखान्यातली फळी. दिवसा लोक तिच्यावर बसून जेवणार, रात्री तिच्यावर गादी टाकायची. रुंदी बावीस इंच.

किरण बेंगळुरूला असतो. वर्षातून दोनदा येतो, दसऱ्याला आणि गाडीची सर्व्हिसिंग इथे स्वस्त पडते म्हणून. काकांच्या गुडघ्याचं औषध कुठलं हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते मी आणते. मालक आणि राबणारा यांच्यातला फरक मला वडिलांनी लहानपणीच समजावला होता, पण तो एवढ्या स्वच्छ पांढऱ्या रंगात आखलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यातून पुढच्या खोलीतल्या बिछान्याचा पायथा आमच्या गच्चीवर. म्हणजे जागा आमची, पाय किरणचे.

मी पत्रक काढलं. एका बाजूचं, मथळा 'एका बोटीतली विषमता'. तीन मागण्या केल्या: खोल्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून व्हावं, आभाळाच्या खिडकीवर सर्वांचा समान हक्क असावा, आणि ज्यांच्या गच्चीवर बोट आहे त्यांना निर्णयात स्थान मिळावं. ते मी काकांच्या टाकीवर चिकटवलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग पेन्सिल काढून एका ठिकाणी दुरुस्ती केली. मी फळीची लांबी साडेपाच फूट लिहिली होती, ती पावणेसहा होती. "बाकी बरं लिहिलंयस," म्हणाले.

त्या शनिवारी किरण आणि त्याची बायको आले. ते बोटीवर परवानगी न विचारताच चढले, आणि काकांनी त्यांना पाण्यात काढलं नाही. दोघं पुढच्या खोलीत चटया टाकून आडवे झाले. बांध मध्ये आल्यामुळे त्यांचे पाय विटेवर चढून आमच्या हद्दीत उतरले होते. वर बघत किरणची बायको म्हणाली, इथून तारे दिसतील. मी अम्माचे हप्पळ उलटायच्या निमित्ताने त्यांच्या तळव्यांपासून हातभर अंतरावर बसले होते.

थोड्या वेळाने किरण उठून काकांजवळ गेला. आवाज खाली केला होता, पण गच्चीवर आवाज कुठे खाली राहतो? त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राला शिडं हाताळायची चांगली सवय आहे, त्याला घेतलं तर बरं, असं तो सांगत होता. क्रांतीचा तसाही या सगळ्याला तात्त्विक विरोध आहे ना? ती फळी त्याला देता येईल.

काका काय म्हणतात हे ऐकायला मी थांबले नाही. खाली आले आणि कागद घेतला. राजीनामा म्हणजे पाच ओळींचं काम, आमच्या घरात त्याचा सराव आहे. 'सदर फळीवरील माझा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे. ती योग्य व्यक्तीस मिळावी.' सही केली आणि तो त्यांच्या दारातून आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण तालीम झाली नाही. सोमवारी काकांची हाक नाही, मंगळवारी नाही. अम्मा म्हणाली, "काय लिहिलंस गं त्यांना? भाजीवाल्याशीसुद्धा बोलले नाहीत आज." तालीम बंद पडली, म्हणजे मला हवं ते झालं होतं, तरी मी पंधरा मिनिटांनी एकदा गच्चीवर जाऊन हप्पळ बघत होते.

बुधवारी सकाळी काकांनी बांधापलीकडून हाक मारली. हातात माझा राजीनामा होता.

"किरणला नाही म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "त्याच दिवशी. बाकी काहीही बदल म्हटलं, ती फळी नाही."

"मित्राला वर डेकवर झोपवा की मग. फळीत एवढं काय आहे?"

"ये इकडे. स्वल्प आडवी हो. तिथं नाही, माझ्या खोलीत."

मी बोटीवर गेले. काकांच्या खोलीत मापाने गादी टाकलेली होती. बाकी सगळ्या खोल्यांत डोकं दाराकडे, इथे मात्र उशी उलट्या बाजूला ठेवली होती. मी आडवी झाले. दाराची जागा रंगात मोकळी सोडलेली होती, आणि त्या मोकळ्या जागेतून समोर माझ्या फळीचं टोक दिसत होतं. दुसरं काही नाही.

काका टाकीच्या सावलीत बसले. माझ्याकडे न बघता बोलू लागले. त्यांना रोज तीनला जाग येते. खात्यातून निवृत्त झाल्यापासून येते. मग घरात पडून राहवत नाही. उठून फाटकापर्यंत जातात, तिथून आमच्या वरच्या मजल्याची, माझ्या टेबलाजवळची खिडकी दिसते. दिवा असतो. तो बघितला की परत येऊन झोप लागते.

"फोटोतलं पाणी निळं आहे. रात्रीचा फोटो एलेनीनं दिलेला नाही," ते म्हणाले. "बोटीला फाटक नसतं. तिथं मी उठून कुठं जाऊ?"

मी उठून बसले. मनात आलेली पहिली गोष्ट सांगायला लाज वाटते, पण लिहिते.

"हे किरणला माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगू?"

मला आनंद झाला. तो चांगल्या जातीचा आनंद नव्हता. आभाळाच्या खिडकीखाली झोपणाऱ्या माणसाला हे माहीत नाही आणि मला माहीत आहे, असा तो आनंद होता, आणि तो दोन-तीन मिनिटं टिकला. मग मला आठवलं की काका माझ्याबद्दल काहीतरी मोठं समजून बसले आहेत. चुकीची माहिती कुणाच्या मनात राहू द्यायची नाही, एवढं तरी मी घरात शिकले होते.

"काका, तीनला मी जागी नसते. लिहिता लिहिता टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असते. दिवा घालवायचा राहून जातो. अम्मा रोज त्यावरून बोलते मला."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "दिसतं की फाटकातून. मान वाकडी असते तुझी."

त्यांनी राजीनाम्याची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि टेप काढली. मला फळीवर जाऊन बसायला सांगितलं. मी बसले. त्यांनी गुडघा सांभाळत खाली वाकून टेपचं टोक जमिनीला लावलं आणि ती माझ्या खांद्यावरून वर ओढत नेली.

"दिवा इथं टांगला तर तुझ्या डोळ्यावर येईल का बघ," ते म्हणाले. "झोपतेस, तर झोपताना त्रास व्हायला नको."