केसरीनाथाच्या टबातला फेस

शनिवारी सकाळी केसरीनाथ टबात बसला, बटण दाबलं, आणि पाच मिनिटांत तो स्वतःच दिसेनासा झाला. फेस आधी गळ्यापर्यंत आला, मग हनुवटीपर्यंत, मग मिशीत. "कमळा!" म्हणून तो ओरडला तेव्हा थोडा फेस पोटातही गेला.

गोदामवाल्यांना जमीन विकल्यापासून केसरीनाथला आपण कोणीतरी आहोत असं वाटू लागलं होतं. बायकोने, कमळाने, तेव्हा एकच गोष्ट मागितली होती, कपडे धुवायची मशीन. "घरात तू आन आये, दोन बायका असताना मशीन कशाला?" असं म्हणून या थोर पुरुषाने स्वतःसाठी दुबईहून टब मागवला. गरम पाण्याचा, आपोआप बुडबुडे काढणारा, चार माणसं बसतील एवढा. कारण काय, तर मेहुण्याने, राघोने, पांढरी मारुती घेतली होती आणि सगळे नातेवाईक तिचंच कौतुक करत होते. त्या मारुतीत पाय ठेवणार नाही, अशी केसरीनाथची प्रतिज्ञा होती. उद्या रविवारी राघोसकट सगळे टब बघायला येणार होते. राघोचं तोंड उतरलेलं बघायचं, एवढ्यासाठी मटण सांगून ठेवलं होतं. आणि आज हा फेस!

"ऊन पान्याची एवढी हौस हाय तं अकलोलीला जा की," त्याची आई धोंडूबाई म्हणाली. "देवीनं कुंडं फुकट ठेवलीत."

"आये, तिथं कोनीपन न्हातंय! केसरीनाथ पाटील तिथं न्हानार काय?"

टब बसवणाऱ्या अय्यूबला निजामपुऱ्यातून बोलावणं गेलं. तो सायझिंगमध्ये कामाला, सुताला खळ लावण्याच्या खात्यात.

"शेट, आत बसून साबन लावता काय?"

"साबनाच्या वडीला हात लावला न्हाय!" आणि हे अगदी खरं होतं.

"मग पानी बदला."

"टँकरचं पानी हाय रं. महिनाभर चाललं पायजे."

अय्यूबने डोकं खाजवलं. "आमच्या खळीला फेस आला तर आमी तेल मारतो. दो मिनिट में बैठ जाता."

खोबरेल तेलाची अख्खी बाटली टबात रिकामी झाली. फेस बसला. खूश होऊन केसरीनाथ लगेच टबात उतरला आणि बाहेर पाऊल टाकताच असा घसरला की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबला.

"कमळा, तेल काढ," कंबर धरून तो म्हणाला. "कसंबी काढ, पन उद्या टब चकाचक पायजे."

"काढते की," कमळा म्हणाली आणि तिने सासूकडे पाहिलं. धोंडूबाईला एकदम परसात काहीतरी काम आठवलं. केसरीनाथच्या लक्षात काही आलं नाही. बायकोच्या तोंडाकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

रविवारी तो नाक्यावर जाऊन उभा राहिला आणि पाहुण्यांना मिरवत घरी घेऊन आला. लाइट गेली होती, गल्लीतले सगळे लूम गप्प होते. टबात पांढरट पाणी निपचित पडलं होतं.

"पानी असं का हो, दाजी?" राघोने विचारलं.

"औषधी हाय," केसरीनाथने ठोकून दिलं.

"चालू करून दावा की."

"लाइट कुठाय?" असं म्हणून केसरीनाथने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात लाइट आली. गल्लीभर लूम खडखडायला लागले आणि त्यांच्याबरोबर टबही. त्याचं बटण कोणीतरी चालूच ठेवलं होतं. फेस काठावर आला, काठावरून उतरला, राघोच्या नव्या बुटांवर चढला. केसरीनाथने बाही सरसावून बूच काढायला आत हात घातला. बूच काही हाताला लागलं नाही. वर आली ती त्याची स्वतःची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. तिच्यामागून सोफ्याचं कव्हर, धोंडूबाईचं लुगडं, एक शर्ट.

राघो भिंत धरून हसत होता. "दाजी, टब दावायला बोलवलं का धुनं?"

"आठ दिस यातच धुतोय," कमळा शांतपणे म्हणाली. "मशीन न्हाय दिली तुमी. टब दिला."

हसली नाही फक्त राघोची बायको हौसा. तिने तो शर्ट उचलून उजेडात धरला. "कॉलर बघा गो! किती घासलीस, कमळे?"

"हात पन न्हाय लावला. पावडर टाकायची, बटन दाबायचं. काल तेल काढायचं होतं म्हनून दुप्पट टाकली."

सगळ्या बायका पुढे सरकल्या. हौसा नवऱ्याकडे वळली. "मारुती घेतली तुमी. तिच्यात काय गोधड्या धुवू? मना असाच टब पायजे!"

राघोचं तोंड उतरलं. ज्याच्यासाठी मटण सांगितलं होतं, तेच तोंड. पण हातात ओली चड्डी घेऊन उभ्या असलेल्या केसरीनाथला त्यात काही चव लागली नाही.

पुढच्या रविवारी तो पंचा खांद्यावर टाकून आला तर टबात हौसाच्या चादरी फिरत होत्या आणि मागे दोघीजणी गाठोडी घेऊन बसल्या होत्या.

"दुपारनंतर या," कमळा म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. "बसा दाजी," मारुतीतून राघो म्हणाला. "अकलोलीला चाललोय."

केसरीनाथने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, आणि गपचूप मागचं दार उघडलं. पुढची सीट धोंडूबाईने केव्हाच धरली होती.