समाजाचं मत आणि ऋजुताचं नाक

त्या दिवशी मी तोंड मिटून बसलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. पण टीव्हीसमोर तोंड मिटून बसणारा नवरा देवासात अजून जन्माला यायचाय.

कार्यक्रमाचं नाव 'छोटे थे तब की बात'. एकेकाळचे गाजलेले बालकलाकार, आता टक्कल पडलेले, पोट सुटलेले, सगळे एका बंगल्यात कोंडायचे. त्यांनी तिथं भांडी घासायची, भांडायचं आणि लहानपण आठवून रडायचं. देशभरच्या प्रेक्षकांनी त्यावर मतं पाठवायची आणि रविवारी निवेदकानं त्यातली निवडक मतं त्यांच्यासमोरच वाचायची. सर्वांत कमी पसंतीचा माणूस घरी.

आमच्याकडे या कार्यक्रमाच्या वेळी ताटात भाजी कमी आणि मतं जास्त पडायची. ''बाबा, वो दाढीवाला एकदम बोगस आहे, उसको तो निकालच टाकायला पाहिजे,'' असं श्रेयस म्हणायचा. (आमच्या चिरंजीवांचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीची बस पकडतं.)

त्याच बंगल्यात आमच्या देवासची ऋजुता होती. लहानपणी एका दंतमंजनाच्या जाहिरातीत ती पुढचे दोन दात नसताना हसली होती आणि तेवढ्यावर तिनं देश जिंकला होता. आता चाळिशीला आली होती. मुख्य म्हणजे ती माझ्या बायकोच्या, विद्युल्लताच्या, माहेरच्या गल्लीतली. त्यामुळे आमच्या घरात तिच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. शिवाय विद्युल्लता महिला मंडळाची अध्यक्ष. बंगल्यातून सुटली की ऋजुता आपल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला येणार, असं तिच्या आईकडून वदवून घेऊन तिनं ते गावभर केलं होतं. मागल्या अध्यक्षबाईंनी फक्त एका नगरसेविकेला आणलं होतं, हे इथं लक्षात घ्यावं.

तर त्या संध्याकाळी ऋजुता थालीपिठावरून रडत होती. तिच्या वाटचं थालीपीठ दाढीवाल्यानं खाल्लं होतं. विद्युल्लता पदर डोळ्याला लावून बघत होती. माझ्यातला समीक्षक जागा झाला. (मी मुळात समीक्षकच. विमा ऑफिसात चिकटलो तो पोटासाठी.) बायकोसमोर बोलायची छाती नव्हती, म्हणून गुपचूप मोबाइल घेतला आणि कार्यक्रमाच्या फेसबुक पानावर लिहिलं, ''ऋजुता जब छोटी थी तब अच्छी थी. अब रोती बहुत है. नाक भी ठीक से नहीं पोंछती. इसको घर भेजो.'' पाठवलं आणि निवांतपणे ताक प्यायलो.

रविवारी निवेदक गंभीर चेहरा करून म्हणाला, ''अब एक राय ऋजुता के अपने शहर से. देवास के महाराष्ट्र समाज का कहना है...''

आणि त्यानं माझं मत नाकासकट वाचलं.

झालं होतं असं की, मी समाजाचा कार्यवाह. समाजाचं फेसबुक पान माझ्याच मोबाइलवर. त्या दिवशी सकाळीच मी त्यावर 'समाजभवनातील टाकी धुणार असल्याने पाणी येणार नाही' अशी सूचना टाकली होती आणि तिथून बाहेर पडायचं विसरलो होतो. म्हणजे ते मत माझं उरलंच नव्हतं. देवासातल्या तमाम मराठी घरांनी एकमुखानं ऋजुताचं नाक कापलं होतं.

पडद्यावर ऋजुतानं आधी हसायचा प्रयत्न केला. मग हळूच ओढणीनं नाक पुसलं. तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. आपल्या माणसानं असं चारचौघांत बोलावं, हे काही बरं नव्हे.

विद्युल्लता माझ्याशी बोललीच नाही. ती श्रेयसला म्हणाली, ''तुझ्या बाबांना सांग, ऋजुता हळदीकुंकवाला आली नाही, तर मी माहेरी जाऊन राहीन.''

''बाबा, आई माहेरी जानेवाली आहे,'' श्रेयसनं भाषांतर केलं.

तिचं माहेर चार गल्ल्या पलीकडे. रागावलेल्या बायकोला बसची वाटसुद्धा बघावी लागत नाही, ही गावातल्या गावात लग्न करणाऱ्यांची शोकांतिका आहे.

इतक्यात समाजाचे अध्यक्ष मोरोपंत यांचा फोन. वय ऐंशीच्या पुढे, भाषा त्याहून जुनी. ''नीलकंठराव, समाजाने हे मत कोणत्या सभेत संमत केले?''

''पंत, चूक झाली. ते माझं एकट्याचं...''

''मताविषयी आमची तक्रार नाही. अनुमोदक कोण, एवढेच विचारतो आहे.''

तातडीची सभा भरली. मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, ''मत माझं होतं, मी ते मागे घेतो.''

''जे मत संमतच नाही, ते मागे कसे घेणार?'' पंत म्हणाले. ''आधी संमत करा.''

आता इथं एक सांगायला हवं. देवासात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. ती विलीन होऊन जमाना झाला, पण आमच्या घराघरांत अजून झालेली नाहीत. ऋजुताचे आजोबा धाकट्या पातीचे कारभारी. त्यामुळे थोरल्या पातीची मंडळी (मीही त्यातलाच) एकदम ताठ बसली.

''धाकट्या पातीत रडायची जुनी खोड आहे,'' मानाजीराव म्हणाले. ''माझं अनुमोदन!''

''आणि थोरल्या पातीनं दुसऱ्याचं थालीपीठ खाल्लं तर चालतं?'' पलीकडून आवाज आला. दाढीवाला मुळात लखनौचा होता, पण त्या घटकेला तो थोरल्या पातीचा ठरला.

मतदान झालं. माझा विरोध असतानाही माझं मत बहुमतानं संमत झालं. आता ते मागे घ्यायचा ठराव मांडणार, तोच कचोरी आली. कचोरीपुढे आमच्या समाजाचा कोरम कधीच टिकलेला नाही. अशा रीतीनं मी एकट्यानं केलेली चूक समाजानं रीतसर कायम केली.

पुढच्याच रविवारी ऋजुता बंगल्याबाहेर पडली. विद्युल्लतानं शांतपणे कपाट उघडून बॅग काढली आणि हळदीकुंकवाच्या दिवसापर्यंत ती दाराशी ठेवली, मला येता-जाता दिसावी म्हणून.

हळदीकुंकू आमच्याच घरी. त्या दिवशी मला हुकूम झाला, ''स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. आंबेडाळीसाठी कैऱ्या किसा. ती आलीच, तर तुम्ही घरात नाही.'' मी जीव मुठीत आणि कैरी किसणीवर धरून बसलो. बाहेर बायकांची कुजबुज वाढत होती. ''नहीं आएगी, भाभी,'' असं शेजारची कोमल म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती बॅग आली.

आणि एकदम कल्लोळ. ऋजुता आली होती!

''विद्युताई, न येऊन कसं चालेल? तुझी आंबेडाळ खायला मिळावी म्हणून तर मी त्या बंगल्यातून सुटायची वाट बघत होते,'' ती खळखळून हसत म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. किसणी मात्र जमिनीवर पडली.

''पण मला आधी त्याला भेटायचंय,'' ती पुढं म्हणाली. ''ज्यानं ते नाकाचं लिहिलं ना, समाजाच्या पानावरून. मी ऐकलं तेव्हाच समजले, कुणाच्या तरी घरातलं पोर आहे. मोठं माणूस असं कशाला लिहील? मुळीच वाईट वाटलं नाही मला. कुणाचा आहे गं? त्याच्यासाठी गंमत आणलीय.''

मी डोळे मिटले. विद्युल्लताच्या हाती माझी अब्रू होती आणि तिनं ती हळदीकुंकवासारखी सगळ्यांना वाटली.

''आमच्याच घरातलं आहे,'' ती म्हणाली. ''अहो, या बाहेर.''

मी कैरीचे हात घेऊन दारात उभा राहिलो. ऋजुतानं हसून माझ्या मागे वाकून पाहिलं, मुलगा कुठं लपलाय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या मिश्यांकडे पाहिलं आणि हातातल्या रंगीत खडूंच्या पेटीकडे पाहिलं.

''भाऊजी, तुम्ही?''

''घेतील ते,'' विद्युल्लता म्हणाली. ''दे.''

मी पेटी घेतली. दुसरं काय करणार? कुणाकडे बघवेना, म्हणून पेटीवरचं मोठ्यानं वाचलं, ''तीन वर्षांवरील मुलांसाठी.''

''असं होय?'' विद्युल्लतानं माझ्या हातातून पेटी काढून घेतली. ''मग वर ठेवते. मोठे झालात की देईन.''