ताणकाट्यावरचे सात लॅपटॉप

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता वसंत नारखेडे यांनी मलकापुरातल्या संगणकाच्या एका दुकानात सात लॅपटॉप ताणकाट्याला टांगून तोलले. काटा त्यांनी घरून आणला होता. लॅपटॉप ठेवायची कापडी पिशवीही घरचीच. पिशवी त्यांनी आधी वेगळी तोलली आणि प्रत्येक वेळी तिचं वजन वजा केलं.

मी शेजारी राहतो, त्या दिवशी सोबत होतो. खरेदी त्यांच्या पुतणीसाठी, ऋतुजासाठी होती. तिला अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि शुक्रवारच्या गाडीनं ती जाणार होती. तिचे आईवडील बीबी गावात शेती करतात. ती पाचवीपासून मोठ्या काकांकडे मलकापुरात शिकायला राहिली. काकांनी लग्न केलेलं नाही. म्हणजे शुक्रवारपर्यंत त्या घरात दोन माणसं होती, नंतर एक राहणार होतं.

नारखेडे यांना सगळे ग्रेडरकाका म्हणतात. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी आयुष्यभर प्रतवारी केली. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, काळ्या कापडावर धागा ओढून लांबी पाहायची, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची आणि निकाल द्यायचा : सुपर, फेअर किंवा कवडी. कवडी म्हणजे डागी, किडका माल. निवृत्तीनंतर कापूस बंद झाला, प्रतवारी चालू राहिली. चहा, भाषण, रस्ता, नवरदेव, सगळ्याला याच तीनपैकी एक दर्जा मिळतो. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्यांनी माझ्या पत्नीला सुपर आणि मला फेअर ठरवलं. फेरतपासणीची विनंती मान्य झाली नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य दोन शब्दांचं आहे : "तळचा दाखव." गाडीच्या वरच्या थराला चांगला कापूस आणि खाली पाणी मारून वजन वाढवलेला, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की वरच्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नाही. बाजारात ते टोपलीच्या तळाचं वांगं घेतात. पेपरवाल्याकडे गठ्ठ्यातला सर्वांत खालचा पेपर मागतात. खालच्या पेपरात बातम्या त्याच असतात, हे मी त्यांना बातमीदाराच्या अधिकारानं सांगून पाहिलं. "असतीन," ते म्हणाले, "पण हात नाही लागलेला."

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ग्रेडरकाकांना फोनवर बोलता येत नाही. बीबीच्या भावाशी त्यांचा दर रविवारचा फोन मी अनेकदा ऐकला आहे.

"पाऊस?"

"हाव."

"बरा?"

"बरा."

"ठेवू?"

एवढाच. हात कामात असले की मात्र ते भरपूर बोलतात. ऋतुजा लहान असताना दोघं ओट्यावर बसून कापसातला पालापाचोळा वेचत. शाळा, मैत्रिणी, गणिताच्या मॅडम, सगळं त्या वेळात निघे. कापूस संपला की बोलणं संपे.

दुकान अन्वरभाईंचं. ऋतुजानं आपल्या अटी सांगितल्या, त्यांनी त्या वहीत लिहून घेतल्या. वसतिगृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लॅपटॉप रोज पाठीवर न्यायचा आहे, म्हणून तो हलका हवा. दिवसभराच्या तासांना बॅटरी पुरावी. कॉलेजचं सॉफ्टवेअर अडखळू नये. अन्वरभाई वही मिटणार तेवढ्यात काका म्हणाले, "अन् गेम चालला पाह्यजे."

ऋतुजानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मोठेबाबा, मले कायले पाह्यजे गेम? मी शिकाले जाऊन राह्यली."

"चालला पाह्यजे म्हटलं ना."

पत्ते, कॅरम आणि मोबाइलवरचे सर्व खेळ या घरात आतापर्यंत कवडी होते. निकाल का बदलला, हे काकांनी सांगितलं नाही.

गेमचं नाव ऐकताच अन्वरभाईंनी एक काळा, जाड लॅपटॉप काढला. बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते. काकांनी खिशातून आपलं काळं कापड काढून काउंटरवर अंथरलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, कोपरे चाचपले आणि पिशवीत घालून टांगला.

"दोन किलो तीनशे," ते म्हणाले. "काऊन एवढं? पाणी मारलं का यात?"

यात विनोदाचा हेतू नव्हता. कापसाच्या धंद्यात जड म्हणजे ओला. अन्वरभाईंनी पंखे, गेमसाठीची वेगळी चिप, मोठी बॅटरी असं सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं.

"अन् याचं बारदान?"

"बारदान?"

"पोत्यासहित वजन सांग ना, भाऊ. चार्जर कुठं हाय?"

चार्जर विटेएवढा निघाला. तोही पिशवीत गेला आणि काटा तीन किलोच्या जरा अलीकडे थांबला. छापील माहितीत चार्जरचं वजन दिलेलं नसतं. अन्वरभाईंनी नंतर मला सांगितलं की त्या दिवसापासून ते स्वतःच गिऱ्हाइकाला दोन्ही वजनं सांगतात.

"हा घेऊन तिसऱ्या माळ्यावर चढजो मंग," काका ऋतुजाला म्हणाले.

"मी कुठं मांगितला? तुमचाच गेम हाय तो."

मग एकामागून एक सहा तोलले गेले. चौथा चार्जरसकट एक किलो सहाशे भरला. करडा, साधा, बिनदिव्यांचा. बॅटरी दिवस काढेल, कॉलेजचं काम आरामात होईल, असं अन्वरभाई म्हणाले. ऋतुजानं तो पाठीवरच्या बॅगेत घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि तिथल्या तिथे पसंत केला. प्रश्न काकांच्या अटीचा होता.

"इसमें बडे गेम नहीं चलेंगे, काका," अन्वरभाई म्हणाले. "हलके-फुलके चलेंगे."

"मले कुठं बडे पाह्यजे? तो आपला ट्रॅक्टरवाला लावा."

'आपला' या शब्दावर अन्वरभाई किंचित हसले. ऋतुजाचं लक्ष नव्हतं, ती बटणं दाबून पाहत होती. त्यांनी नमुन्याच्या लॅपटॉपवर गेम सुरू केला. पडद्यावर शेत आलं, शेतात ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर चार पावलं चालला आणि अडकला. पुन्हा चालला, पुन्हा अडकला. काका पडद्याच्या इतके जवळ गेले की अन्वरभाईंना बाजूला व्हावं लागलं.  

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चित्र भारी आहे. थोडं कमी करतो. झाडाची पानं तेवढी बारीक दिसणार नाहीत."

"पानं नाही दिसली तरी चालते. बोंड दिसलं म्हंजे झालं."

अन्वरभाईंनी चित्राची प्रत उतरवली. ट्रॅक्टर सरळ धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेला आणि वळून परत आला. काकांनी त्याला तीन वेळा जायला-यायला लावलं. मग विचारलं, "अन् आवाज? इकून बोललं तं तिकडं जाते?"

"जाते."

"दाखवा."

अन्वरभाई आतल्या खोलीत दुसऱ्या संगणकावर जाऊन बसले. काका लॅपटॉपवर वाकून मोठ्यानं म्हणाले, "पाऊस?" आतून आणि लॅपटॉपमधून एकदमच उत्तर आलं, "बरा है, काका."

"फेअर," काकांनी निकाल दिला. "आता तळचा दाखवा."

त्या मॉडेलचे पाच खोके एकावर एक होते, सगळे सीलबंद. सगळे सारखेच असतात, असं अन्वरभाईंनी शपथेवर सांगितलं.

"कापसाच्या गाठी बी सीलबंदच येत," काका म्हणाले. "फोडल्यावर समजे."

चार खोके उतरवून पाचवा काढण्यात आला. ऋतुजानं कपाळाला हात लावला, पण तोच खोका छातीशी धरून ती बाहेर पडली. शुक्रवारी ती अमरावतीला गेली. स्टेशनवर काकांनी तिची बॅग एकदा काट्याला टांगली, आकडा सांगितला आणि बॅग डब्यात चढवून दिली.

शनिवारी अन्वरभाई भेटले. काका महिनाभर रोज दुपारी दुकानात येऊन तो ट्रॅक्टरचा गेम शिकत होते, असं त्यांनी सांगितलं. दोन गावांतली दोन माणसं एका शेतात काम करू शकतात, हे त्यांना तिथेच एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. मंगळवारी संध्याकाळी, ऋतुजा मैत्रिणीकडे असताना, त्यांनी येऊन एक जुना डेस्कटॉपही नेला. ऋतुजाच्या लॅपटॉपवर गेम कसा घ्यायचा, हे तिला अन्वरभाईंनीच त्या सकाळी फोनवर सांगितलं होतं. या माहितीला काकांनी अद्याप दुजोरा दिलेला नाही.

रविवारी संध्याकाळी साडेसातला मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. डेस्कटॉप समोरच्या खोलीत मांडलेला होता. माउसखाली काळं कापड होतं. काकांनी हातानं बसायची खूण केली, नजर पडद्यावरच.

"ऋतू, धुऱ्याजवळून घे. तुह्यं पेरणीचं तास वाकडं जाऊन राह्यलं."

"मोठेबाबा, तुमचाच ट्रॅक्टर विहिरीत जाऊन राह्यला, पाहा!"

"विहीर हाय का इथं?"

"पह्यलेपासून हाय. जेवले का?"

"पिठलं केलं. फेअर झालं. तू?"

"मेसचं. कवडी."

"भाजी तळची मांगत जाय. मसाला खाली बसते. अन् थे तुह्या खोलीतली पोरगी, नांदुऱ्याची, बोलते का तुह्याशी?"

"बोलते. लय घोरते."

"घोरू दे. तिसरं तास धर आता."

ते पंचेचाळीस मिनिटं बोलले. पेरणी अर्ध्या शेताची झाली. सव्वाआठला ऋतुजाला अभ्यासाला बसायचं होतं. तिचा ट्रॅक्टर धुऱ्यावर येऊन थांबला. काकांनी आपला वळवला आणि तिच्या ट्रॅक्टरशेजारी आणून लावला.