पर्सी पाणमांजराचा केसभर हललेला चेंडू

विलायतेतल्या एका जंगलात, मुलांनो, पर्सी नावाचं एक पाणमांजर राहत होतं. पाणमांजराने मासे पकडावेत असा रिवाज आहे. पर्सीला मात्र लहानपणापासून गोल्फचं वेड. गोल्फ म्हणजे काय? एवढासा चेंडू काठीने लांब मारायचा, मग तो शोधत हिंडायचं आणि शेवटी एका बिळात घालायचा. घालून झाला की पुन्हा बाहेर काढायचा. असं अठरा वेळा, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो जिंकला. साहेबाचा खेळ आहे, कारण विचारू नये.

पर्सी मोठा होऊन धंदेवाईक गोल्फपटू झाला. वीस वर्षं खेळला. त्यात एकदाच जिंकला, तेही त्या दिवशी इतका पाऊस पडला की बाकीचे घरी गेले म्हणून. तरी बिचारा नेटाने खेळत राहिला.

विसाव्या वर्षी गोल्फ मंडळाचं पत्र आलं. मंडळाचा अध्यक्ष सिंह होता. विलायतेत सिंह फक्त झेंड्यावर असतात, पण मंडळाला अध्यक्ष लागतोच. पत्रात लिहिलं होतं, "वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेत पहिल्या दहांत या, नाहीतर खेळण्याचा परवाना रद्द." परवाना गेला की सासऱ्यांच्या मासळीच्या दुकानात बसणं आलं. सासरे वीस वर्षं खुर्ची पुसून वाट बघत होते.

स्पर्धेत शेवटचं बीळ उरलं तेव्हा पर्सी बरोब्बर दहावा होता. त्याने चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू केसभर हलला. असं झालं की एक फटका जास्त धरतात. आणि गंमत अशी की हा गुन्हा खेळाडूने स्वतःच कबूल करायचा असतो.

पिशवी वाहणारं गाढव हळूच म्हणालं, "साहेब, मी काही बघितलं नाही."

"मी बघितलं ना," पर्सी म्हणाला.

"मग डोळे मिटा. पंचांनीही मिटलेत."

पंच बगळा खरंच एका पायावर डोळे मिटून उभा होता. सासऱ्यांच्या दुकानाचा वास पर्सीच्या नाकात शिरला. वाऱ्याने हलला असेल, असंही त्याने मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. शेवटी त्याने पंजा वर केला.

बगळ्याने डोळे उघडले, एक फटका वाढवला आणि पुन्हा मिटले. पर्सी अकरावा आला.

सगळं जंगल गहिवरलं. दहावा आला कोल्हा. त्याने झुडपातला चेंडू तीनदा पायाने बाहेर सारला होता. सत्कारसभेत प्रामाणिकपणावर सर्वांत सुंदर भाषण त्यानेच केलं. बोलताना त्याचा कंठ दाटून आला.

पर्सीने धीर केला. "अध्यक्षमहाराज, एवढं कौतुक केलंत, तर परवाना तेवढा…"

सिंहाने त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. "पर्सीराव, परवाना परत दिला तर तुमच्या त्यागाला काय अर्थ राहिला? तुमचा असा अपमान आम्ही होऊ देणार नाही."

परवाना न देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या बराच वेळ चालल्या.

दुसऱ्या दिवसापासून पर्सी दुकानात बसला. मंडळाच्या दिवाणखान्यात त्याचा मोठा फोटो लागला. त्या फोटोखाली नव्या शिस्तपालन समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्षस्थानी कोल्हा होता. जेवणाची मासळी पर्सीने पाठवली, आणि वजन चोख दिलं.

तात्पर्य: प्रामाणिकपणासारखा दुसरा दागिना नाही. म्हणून तो नेहमी शेजाऱ्याच्या गळ्यात पाहावा.