इकडे आणि तिकडे यांचा तुलनात्मक तक्ता

एका वेब डेव्हलपरला दुसऱ्या शहरातल्या कंपनीने नोकरी देऊ केली आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं. मोबदला परस्पर चर्चेने ठरेल, असं पत्रात होतं. प्रसंग इतकाच. पूर्वी अशा वेळी माणूस बायकोला विचारायचा, सासऱ्याला कळवायचा आणि जायचा किंवा जायचा नाही. आता त्यासाठी अभ्यास करावा लागतो.

डेव्हलपर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, म्हणून मला हे सगळं पाहावं लागलं. त्याच्या कामातल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी. तो आणि वहिनी एका खोलीत राहत होते. पलंग भिंतीतून खाली ओढला की स्वयंपाकाच्या कोपऱ्यातलं कपाट उघडत नसे, त्यामुळे आधी चहा की आधी झोप, हे रोज ठरवावं लागे. वहिनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायच्या, आणि त्यांना दिवस गेले होते.

“भावजी, मला त्या पगाराबिगाराचं काही सांगू नका,” त्या मला म्हणाल्या. “पाळणा कुठे ठेवायचा, तेवढं याला विचारा. या गावात नाहीतर त्या गावात, पण दुसरी खोली हवी.”

मी विचारलं. तो म्हणाला, “तेच तर काढतोय!”

त्याने तक्ता केला. दोन शहरं दोन देशांत, पण चलन एकच, ट्राम सारख्याच आणि हिवाळाही तितकाच चिवट, त्यामुळे तुलना सोपी होती. डावीकडे ‘इकडे’, उजवीकडे ‘तिकडे’. खाली पगार, कर, भाडं, हीटरचं बिल, ट्रामचा पास, केस कापणे. वहिनींचा भाऊ त्या दुसऱ्या शहरात बसगाड्या दुरुस्त करायचा. त्यालाही तक्ता पाठवला आणि ‘आपल्या माहितीप्रमाणे भरावे’ असं कळवलं.

मेहुणा सरळ माणूस. तो जिथे बसला होता त्याला तो ‘इकडे’ म्हणायचा. आपल्या शहरातलं भाडं त्याने ‘इकडे’च्या खाली लिहिलं आणि शेरा मारला: कंबरडं मोडतं. हीटरच्या बिलापुढे लिहिलं: विचारू नका. ‘तिकडे’च्या खाली काय लिहावं ते त्याला ठाऊक नव्हतं. फक्त पगाराच्या ओळीत त्याने एक ऐकीव आकडा टाकला, आणि तो भलामोठा होता. डेव्हलपरने आपल्या बाजूने अगदी हेच केलं होतं. स्वतःचा पगार कोणी सांगत नाही. दुसऱ्याचा मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो.

अशा रीतीने ‘इकडे’च्या रकान्यात दोन्ही शहरांचे खर्च जमले आणि ‘तिकडे’च्या रकान्यात दोन्ही शहरांचे पगार. तिकडच्या खर्चाचे चौकोन रिकामे राहिले. डेव्हलपरच्या हिशेबात रिकामं म्हणजे शून्य. निष्कर्ष आला: तिकडे भरपूर मिळतं आणि राहायला काहीही लागत नाही.

“अरे, इकडे-तिकडे काय लावलंयस?” मी म्हटलं. “शहरांची नावं घाल.”

“नावं घातली तर ते दोनच शहरांना लागू होईल,” तो म्हणाला. “हे सगळ्यांना लागू पडतं.”

यात त्याचं काही चुकत नव्हतं, आणि भानगड नेमकी तिथेच झाली. त्याने तक्ता इंटरनेटवर टाकला. दोन्ही शहरांतले डेव्हलपर तुटून पडले आणि आपापलं ‘इकडे’ भरू लागले. माहिती वाढत गेली, निष्कर्ष तसूभरही हलला नाही. एका वर्तमानपत्राने ‘तिकडेच बरं: व्यापक अभ्यासाचा निष्कर्ष’ अशी बातमीसुद्धा छापली.

महिनाअखेरीस त्याने होकार कळवला. आधी आपण जायचं, दोन खोल्यांचं घर बघायचं, मग वहिनींना न्यायचं, असं ठरलं.

नव्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी त्याचं हसून स्वागत केलं. “तुमचा तक्ता आम्ही प्रमाण मानतो. त्यानुसार आमच्या शहरात राहण्याचा खर्च शून्य आहे. पगार त्याला धरूनच ठरवलाय.”

“पण बाई, घरमालक भाडं मागतो!”

“तो त्यांचा वैयक्तिक दृष्टिकोन झाला.”

तो घरमालकाकडे गेला. घरमालकानेही तक्ता वाचला होता. “तुमच्या लेखी आम्ही तिकडचे, बरोबर? तिकडे पगार भरपूर, असं तुम्हीच जाहीर केलंय. म्हणून तर भाडं वाढवलं.”

डेव्हलपर मेहुण्याच्या खोलीत, त्याच्या हत्यारांच्या पेटीशेजारी झोपू लागला. तिथे बसून त्याने तक्ता पुन्हा उघडला. आता हे शहर ‘इकडे’ झालं होतं. तक्ता सांगत होता, तिकडे चला. त्याने आमच्या कचेरीला फोन केला.

“या की परत,” आमच्या मनुष्यबळ विभागाच्या बाई म्हणाल्या. “पण आता तुमच्या दृष्टीने आम्ही तिकडे. तिकडे खर्च नाही. तेव्हा पगार कमी करावा लागेल.”

दुसरा एखादा खचला असता. हा मात्र दुसऱ्या दिवशी मला फोन करून अक्षरशः ओरडला, “सुटलं! हे बघ, बायको तिकडे आहे, म्हणून माझ्या तक्त्यात तिचा खर्च शून्य. मी तिच्या दृष्टीने तिकडे, म्हणून तिच्या तक्त्यात माझा खर्च शून्य. असेच राहिलो तर घरखर्च काहीच नाही! एकत्र आलो की दोघंही इकडे. मग बुडालोच.”

“आणि पाळणा?”

“पाळणा तिकडेच आहे ना!”

मला त्याचा संताप आला. तो चेष्टा करत असता तर इतका आला नसता. दोन्ही कंपन्यांनी या उपायाचं कौतुक केलं, आणि तक्त्यात ‘विभक्त राहून बचत’ अशी नवी ओळ आली.

मुलगी झाली. तिच्या खर्चाचे चौकोन कोणी भरलेच नाहीत, म्हणून तक्त्याप्रमाणे तीही फुकटात वाढते आहे. पलंग आता भिंतीतच असतो. त्याच्या जागी पाळणा आहे, आणि वहिनी दाराशी गादी घालून झोपतात.

परवा मी बाळाचं औषध द्यायला गेलो तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल चालू होता.

“इकडे कधी येतोस?” वहिनींनी विचारलं.

“अगं, मी आलो की तिकडचं इकडे होईल. मग नाही परवडत.”

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी फोन लेकीच्या तोंडासमोर धरला आणि दुकानात विचारतात तशा शांत आवाजात विचारलं, “नीट दिसतेय का?”

“दिसतेय की!” तो म्हणाला. “तिकडे उजेडही किती छान आहे!”

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हळहळले. वहिनींचं वाईट वाटलं, पोरीचं वाईट वाटलं, आणि मग आवाज खाली आणून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. तुम्हीही तो मघापासून ओठांत दाबून धरलाय, मला दिसतंय. पण त्याच्या हातात तिकडे नक्की किती पडतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही.