बापूसाहेबांच्या घरातलं सुतक

आमच्या नेरूळच्या सोसायटीत भर मे महिन्यात बंद गळ्याचा कोट घालून दूध आणायला जाणारा एकच माणूस होता, दिगंबर कारखानीस. कारण विचारलं की सांगायचे, "बापूसाहेब कोटाशिवाय उंबरा ओलांडत नाहीत."

बापूसाहेब म्हणजे एका जुन्या मालिकेतले सासरे. मालिका कधीच संपली होती, पण आम्ही काही निवृत्त मंडळींनी ती मोबाइलवरच्या ग्रुपवर चालू ठेवली होती. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि रोज त्याच्या तोंडून लिहायचं. कारखानीस बापूसाहेब, मी घरचे डॉक्टर, शेजारच्या शिरवणे गावातले म्हात्रे गडी तुकाराम. सून नंदा मात्र कोणीच घेतली नव्हती. तिचं ज्याला जे सुचेल ते तो लिहायचा.

खेळच तो, पण कारखानिसांनी त्याचं कोर्ट केलं. कुणी जरा वेगळं लिहिलं की शेरा हजर: "मालिकेत नाही." डॉक्टरांना मी हौसेनं मधुमेह दिला, तो त्यांनी काढून घेतला. म्हात्र्यांनी तुकारामला नगरसेवक करायला घेतलं, तर तुकाराम शेवटच्या भागापर्यंत विहिरीचं पाणीच भरतो, असा निकाल आला.

"किती वर्सं पानी भरू?" म्हात्रे मला बागेत म्हणाले. "आता घरान नल हाय."

ग्रुपबाहेरही तेच. बापूसाहेब कांदा खात नाहीत म्हणून सोसायटीच्या सहलीत यांनी भजी सोडून नुसती चटणी खाल्ली. मालिकेत लिफ्ट नव्हती म्हणून चौथ्या मजल्यावर चढून जायचे. गुडघे मात्र कारखानिसांचेच होते.

माणसाला कल्पनाशक्ती दिलीय कशाला, असं मला वाटायला लागलं आणि एका दुपारी मी नंदाला मारून टाकलं. उरणच्या बंदरातून सुटलेला कंटेनरचा ट्रक थेट बापूसाहेबांच्या खेड्यात आणून तिच्या अंगावर घातला. "डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली," हे शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. ग्रुपवर फुलांचा खच पडला.

कारखानिसांनी या वेळी शेरा मारला नाही. एकच ओळ लिहिली: "डॉक्टर, हे मागे घ्या." मी कळवलं की कला मागे घेता येत नाही. ते ग्रुपमधून बाहेर पडले.

कारखानीस हट्टापायी ग्रुप सोडून गेले, असं सोसायटीत आजही सांगतात. मी ते ऐकून गप्प बसत आलो. पण खरं असं की, ते दिसेनासे झाले तेव्हा मी वर गेलो होतो. समजूत काढायला म्हणून. खरं तर त्यांनी हार मानलेली बघायला.

दार कारखानिसांनीच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात कोट नाही. आत देवापुढे दिवा नव्हता आणि त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, जमिनीवर चटई टाकून बसल्या होत्या. वहिनी थोड्या विसराळू झाल्यात, एवढंच मला माहीत होतं.

"ती मला ओळखत नाही," कारखानीस दारातच हळू आवाजात म्हणाले. "बापूसाहेबांना ओळखते. मालिका तेवढी राहिलीय तिच्यात. ग्रुपवरचं मी रोज वाचून दाखवतो. त्या दिवशी मोबाइल तिच्या हातात होता."

तेव्हापासून घरात सुनेचं सुतक होतं. आणि कालपासून वहिनी जेवल्या नव्हत्या.

मी म्हटलं, मग हे खोटं आहे म्हणून सांगून टाकायचं.

"ते मी तिला कसं सांगू? नाडी डॉक्टरांनी पाहिलीय. बापूसाहेब डॉक्टरांना खोटं पाडत नाहीत."

मी आत जाऊन चटईशेजारी बसलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, आमची नंदा..."

"वहिनी, माझी चूक झाली. ती दुसरीच बाई होती. नंदा माहेरी आहे. बरी आहे."

त्यांनी माझा चष्मा निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "वय झालं तुमचं. चष्मा बदला." आणि कारखानिसांकडे वळून, "ऐकलंत ना? दाढी करा आधी. आणि यांना जेवल्याशिवाय सोडू नका."

कारखानीस आत गेले. थोड्या वेळानं तांदूळ धुतल्याचा आवाज आला. बापूसाहेब स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नाहीत. ते वहिनींच्या लक्षात येऊ नये म्हणून मी त्यांच्यासमोर आडवा बसलो आणि भात होईपर्यंत नंदाच्या माहेरच्या गोष्टी रचत राहिलो.