सावेकाका आणि जर्मनीचे बुवा

सावेकाका मासळी आवाजावरून घेतात. बाजारात इतर लोक पापलेटचे कल्ले उघडून बघतात. काका डोळे मिटून विकणाऱ्या बायकांच्या हाका ऐकतात. धाकटी डहाणू गावच्या हेमाताईंचा उंच आवाज त्यांना पटला. ताईंकडे मांदेलीच असायची, म्हणून काकांनी महिनाभर मांदेलीच खाल्ली. शेवटी विचारलं, "ताई, रविवारी गायला याल?"

"अगं बाई! येवढी मांदेली यासाठी खाल्ली काय?"

मी काकांचा शेजारी, बँकेत कामाला. मी गॅलरीतून पेपरवाल्यावर ओरडत होतो, तर हे खाली उभे! "खर्जाचा माणूस सापडला!"

रेल्वेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना एकच वेड. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. आणि चार गटांनी एकाच वेळी चार वेगळ्या चाली गायच्या. बदलीच्या गावी एका चर्चमध्ये ते हे शिकले. एका जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचनेवर त्यांनी पहाटेचं मराठी गाणं बसवलं होतं. त्या संगीतकाराला ते 'आपले जर्मनीचे बुवा' म्हणत. "बुवांनी सगळ्यांना काम दिलंय. रिकामं कुणी बसायचं नाही!"

चारही चाली एकदा तरी शेवटपर्यंत टिकाव्यात, एवढंच त्यांचं मागणं. पण आम्ही भजनात वाढलेली माणसं. हेमाताईंनी वरचा सूर लावला की आपापली चाल टाकून सगळे त्यांच्या मागे. काका कपाळावर हात मारायचे. "अरे, तिला एकटीला जाऊ द्या! येईल ती परत!"

श्वासाचा नियम तेवढा पटकन जमला. सगळ्यांनी एकदम दम घ्यायचा नाही. शेजाऱ्याने घेतला की आपण सूर धरून ठेवायचा.

एकदा मी वैतागलो. "काका, एवढा छान गळा तुमचा, एकटेच का नाही गात?"

"घरी एकटाच गातो की. दुसरं आहे कोण?" ते हसले. "हे गाणं एकट्याला गाताच येत नाही, म्हणून तर धरलं."

हनुमान जयंतीला सरावलीच्या देवळात आम्ही गायलो. हेमाताई वर गेल्या आणि चक्क कुणीही मागे धावलं नाही. चारही चाली फिरून शेवटच्या सुरावर येऊन भेटल्या. काकांचा चेहरा फुलला.

त्यांचा हात खाली आला की गाणं संपायचं. तो खाली येईना. आला की टाळ्या, प्रसाद आणि जो तो आपल्या घरी. काकाही जाणार, कुलूप उघडायला.

मी हळूच दम घेतला, शेजाऱ्याने सूर धरला. मग त्याने घेतला, मी धरला. काकांचा हात वरच होता. आम्हाला तरी कुठे घाई होती?